बस्ता नांदेडला जाऊ द्यायचा नाही

वसमतहून नांदेड चाळीसएक किलोमीटर. आमच्या गावच्या कापड दुकानांचं अर्धं नशीब या अंतरात अडकलेलं आहे. मराठवाड्यात सुपारी फुटली की घरात दोन प्रश्न निघतात: तिथी कोणती धरायची आणि बस्ता कुठं बांधायचा. तिथी गुरुजी काढून देतात. बस्त्याचं मात्र घरातली एखादी जाणती बाई बोलून मोकळी होते, ‘नांदेडलाच जाऊ, तिथं सगळं मिळतंय.’ मग सकाळीच दोन्ही घरची माणसं जीप करून आमच्या दुकानासमोरून नांदेडच्या रस्त्याला लागतात.

ज्यांच्याकडं ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरीचा शालू, हळदीची साडी, नवरदेवाचा पोशाख, दोन्हीकडच्या आईवडलांचे कपडे, करवल्यांच्या साड्या, मामा-मामीचा आहेर, आजीचं लुगडं आणि वर भावकीच्या मानपानाचे टॉवेल-टोप्या, उपरणी, ब्लाउज पीस हे सगळं दोन्ही घरच्या माणसांनी मिळून एका दिवसात, एका दुकानातून बांधून न्यायचं, तो बस्ता. सकाळी दहाला बसलेली मंडळी दिवेलागणीला उठतात. मधे दोनदा चहा, एकदा नाश्ता आणि किमान एक रुसवा. चांगल्या घरचा एक बस्ता आमच्यासारख्या दुकानाला आठवड्याच्या सुट्या विक्रीइतका पडतो. म्हणून नांदेडला गेलेली प्रत्येक जीप आम्हाला मोजता येते.

मी वसमतच्या बाजारपेठेतल्या एका कापड दुकानात साड्यांचा काउंटर सांभाळते. माहेर कुरुंद्याकडचं, सासर वसमतचं. त्यामुळं येणाऱ्या बायकांतली निम्मी कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी चुलती म्हणून ओळखीचीच निघते. आमचं दुकान मोठं नाही. मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांचे वडील, आप्पा, गल्ल्यावर बसतात. शर्टिंग-सुटिंगला एक काका आहेत, तरुणपणापासून तिथंच. साड्यांना माझ्यासोबत दोन पोरी, रेडिमेडला दोन पोरं आणि माळ्यावरचा माल काढून देणारा, घड्या घालणारा एक पोरगा. एवढीच आमची फौज.

२०२३ च्या दिवाळी पाडव्याला वहीपूजन झाल्यावर भाऊंनी सगळ्यांना बसवून घेतलं आणि येत्या सराईची विक्री गेल्या सराईच्या दीडपट करायची असं सांगितलं. कुणी काही बोललं नाही. दुकानाची विक्री कित्येक वर्षं थोडी वर, थोडी खाली अशी तिथंच होती, आणि भाडं, पगार, वीजबिल मात्र वाढत होतं. भाऊ पुढं म्हणाले, ‘एवढ्याच विक्रीत मला आठही घरं चालवता येणार नाहीत. कुणालाच कमी करायचं नाही म्हणून आकडा मोठा धरलाय.’ आकड्यामागचं कारण त्यांनी उघड सांगितलं हे फार बरं केलं. कारण ठाऊक नसलेला आकडा माणसाला मालकाचा वाटतो. हा त्या संध्याकाळीच आमचा झाला.

आता प्रश्न होता तो गाठायचा कसा. शहरातल्या मोठ्या दुकानांत वर्षाच्या आकड्याला बारानं भागून महिन्याचा आकडा काढतात असं ऐकलंय. वसमतमध्ये ते चालणार नाही. इथला पैसा महिन्यानं येत नाही, पिकानं येतो. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे थोडा पैसा फिरतो. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाचा हप्त्यानं येतो. पण आमच्या बाजारपेठेचा खरा पैसा हळदीचा. मे-जूनमध्ये लागवड, जानेवारीपासून काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं. मार्चपासून पोती बाजार समितीत यायला लागतात आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच भरात येते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन केंद्र आमच्या गावाला मंजूर झालं. लोक या बातम्या शेतीच्या म्हणून वाचतात. आमच्यासाठी त्या गल्ल्याच्या बातम्या आहेत.

म्हणून आकड्याची वाटणी आम्ही महिन्यांनी केली नाही. काकांवर एक काम सोपवलं: रोज सकाळी बाजार समितीतला हळदीचा भाव विचारून आतल्या फळ्यावर लिहायचा, कांडीचा वेगळा, गोळ्याचा वेगळा. भाव चढता असेल तर शेतकरी माल धरून ठेवतो, पैसा उशिरा येतो, पण आला की हात मोकळा सुटतो. भाव पडता असेल तर लोक लवकर विकून मोकळे होतात आणि खरेदी जपून करतात. शालूंचा कोणता गठ्ठा वर काढायचा आणि कोणता माळ्यावर राहू द्यायचा हे आम्ही त्या फळ्याकडं पाहून ठरवू लागलो.

फळ्यासोबत पंचांगही लागतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळं बाहेरच्या माणसाला वाटेल की कापडवाले बसून असतील. पण आमच्याकडं तो धोंड्याचा महिना. लेकी-जावयांना बोलावून कपडे करायचे, अनारसे द्यायचे. त्यातच त्या पावसाळ्यात हळदीचे भाव काही आठवड्यांत दुपटीच्या घरात गेले. ज्यांनी पोती धरून ठेवली होती त्यांच्या जावयांना त्या वर्षी शर्टपीसऐवजी सफारी मिळाले. पीक आणि पंचांग एकाच दिवसांत आलं की काय होतं ते भाऊंनी तेव्हा पाहिलं, आणि दीडपटीचा विचार त्यांच्या मनात तिथूनच सुरू झाला असावा असं मला वाटतं.

काकांनी पाडव्याच्या बैठकीत एक हिशेब मांडला, तो कुठल्याही दुकानदाराच्या उपयोगाचा आहे. समजा दिवसभरात शंभर गिऱ्हाइकं पायरी चढली, त्यातल्या साठांनी काही घेतलं आणि सरासरी बिल दीड हजाराचं झालं. विक्री नव्वद हजार. ती दीडपट, म्हणजे एक लाख पस्तीस हजार करायची तर एक वाट सगळ्यांना दिसते: शंभराच्या जागी दीडशे गिऱ्हाइकं आणायची. त्यासाठी जाहिरात, फलक, रिक्षावरचा भोंगा, आणि तरी ती येतील याचा भरवसा नाही. दुसरी वाट अशी: शंभरच येऊ द्या, पण साठाऐवजी पंचाहत्तर जणांनी घेतलं आणि सरासरी बिल दीड हजारावरून अठराशेवर गेलं, तर आकडा तोच होतो, एक लाख पस्तीस हजार. ज्या पंधरा माणसांच्या जोरावर हे व्हायचं ती बाहेरून आणायची नाहीत. ती रोज आपल्याच दुकानात येतात आणि रिकाम्या हातानं उतरून जातात.

ती का जातात हे आमच्यापैकी कुणालाही धड सांगता येईना. पोरी म्हणाल्या, भाव. पोरं म्हणाली, नांदेडची सवय. काका म्हणाले, आजकालच्या पोरांना मोबाइलवर बघून ठेवलेलंच पाहिजे असतं. म्हणून आम्ही एक वही घातली. गिऱ्हाईक न घेता निघालं की ज्या काउंटरवरून निघालं त्यानं चार गोष्टी लिहायच्या: गाव, काय मागितलं, काय दाखवलं, का गेलं. ‘का’ विचारायची पद्धतही ठरवली. मागं लागायचं नाही, भाव उतरवायचा नाही, पायरीपर्यंत सोबत जाऊन एवढंच म्हणायचं, ‘मावशी, काय कमी पडलं तेवढं सांगून जा, पुढच्या वेळी ठेवू.’ पहिल्यांदा बहुतेक जण ‘महाग वाटायलंय’ असंच म्हणतात, कारण ते म्हणायला सोपं. पण भाव उतरवला जात नाही हे दिसलं की खरं कारण बाहेर येतं.

त्या वहीनं आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या व्यापाऱ्यानं शिकवलं नसतं.

पहिली गोष्ट, बस्ता एका नगावर अडतो. शालू पसंत पडलेला असतो, करवल्यांच्या साड्या निघालेल्या असतात, आणि नवरदेवाच्या मापाची शेरवानी नसते. सगळे उठतात. शेरवानीसाठी नांदेडला जायचंच आहे तर साड्या इथून कशाला, असा सरळ विचार. रेडिमेडचा काउंटर आमच्याकडं लहान समजला जायचा, विक्री कमी म्हणून. वही सांगत होती की साड्यांची विक्री त्याच काउंटरवर बुडतेय. तसंच नऊवारी लुगड्याचं. हळू खपतात म्हणून आम्ही ती ठेवणं जवळजवळ बंद केलं होतं. पण बस्त्याला आजी सोबत येते. सगळ्यांचं घेऊन होतं आणि आजीच्या पसंतीचं लुगडं निघत नाही. आजी काही बोलत नाही, नुसती पदर सावरून उठते. आजी उठली की सगळं घर उठतं. वर्षात किती लुगडी खपली एवढंच पाहिलं तर तो पडून राहणारा माल. बस्ता पाहिला तर त्याच लुगड्यावर बाकीचं बिल उभं असतं.

दुसरी गोष्ट लिहिताना आजही मला राग येतो. खेड्यातून सकाळी निघालेली बाई दिवसभर पाणी पीत नाही. आपण पेला पुढं केला तर ती नुसती ओठाला लावते आणि खाली ठेवते. बाजारात तिला जायला जागा नसते म्हणून. दुपारनंतर ती कासावीस होते, ‘आटपा लवकर’ म्हणायला लागते, आणि निम्मा बस्ता ‘राहिलेलं पुन्हा बघू’ म्हणून तसाच राहतो. पुन्हा म्हणजे नांदेड, जिथं मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह असतं. आमच्या दुकानामागं एक होतं, पण त्यात रिकामे पुठ्ठ्याचे खोके भरलेले. वहीत ही नोंद कुणी सरळ केली नव्हती. ‘घाई होती’, ‘घाई होती’ असं ओळीनं लिहिलेलं पाहून मीच एका ओळखीच्या चुलतीला विचारलं, तेव्हा तिनं कानात सांगितलं. मी भाऊंना सांगितलं. त्यांनी दोन दिवसांत खोके हलवले, फरशी, नळ, आतून कडी, दिवा सगळं करून घेतलं आणि बाहेर ठळक अक्षरांत पाटी लावली. त्या सराईत आम्ही केलेल्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात लहान होता आणि सगळ्यात जास्त कामाचा ठरला. बस्त्याला आलेल्या बायका संध्याकाळपर्यंत निवांत बसू लागल्या, आणि निवांत बसलेली बाई आहेराच्या साड्याही इथंच निवडते.

बाकीच्या नोंदी लहान होत्या, पण त्यांनीही हातभार लावला. फॉल-पिको आणि ब्लाउज लग्नाआधी मिळेल का ही धास्ती होती, म्हणून गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांशी बोलून बिलावरच तारीख लिहून द्यायला लागलो. लेकरं रडतात म्हणून एका कोपऱ्यात सतरंजी टाकली. परतीच्या गाडीची चिंता असते म्हणून काकांनी दोन जीपवाल्यांशी बोलून ठेवलं.

याच काळात वाटणीवरून वाद झाला. भाऊंच्या मनात होतं की प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा आणि जो जास्त विकेल त्याला जास्त बक्षीस. मी आणि काकांनी विरोध केला. वही दाखवली. बस्ता शेरवानीवर अडत असेल, तर शालू विकणाऱ्या पोरीच्या आकड्यात रेडिमेडच्या पोराचा वाटा नाही का? आणि माळ्यावरून अचूक गठ्ठा काढून देणाऱ्याचं काय? वेगळे आकडे दिले की दारात आलेलं गिऱ्हाईक ओढायची चढाओढ सुरू होते, आजीच्या लुगड्याकडं कुणी बघत नाही. शेवटी ठरलं ते असं: आकडा एकच, सगळ्या दुकानाचा. आठवड्याचा टप्पा गाठला की बक्षिसाची रक्कम सगळ्यांत सारखी. घड्या घालणाऱ्या पोरालाही तेवढीच.

अशा आकड्यांवर जगात बराच अभ्यास झालेला आहे, आणि त्यातला एक वसमतच्या माणसाला पटकन समजेल असा आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्यानं चालणाऱ्या वजनाच्या साठेक टक्केच भरून न्यायचे. ‘जमेल तेवढं भरा’ असं त्यांना सांगितलेलं होतं. लेथम आणि बाल्डेस या अभ्यासकांनी ९४ टक्क्यांचा नेमका आकडा ठरवून दिला. पैशाचं बक्षीस नाही, आणि गाठला नाही तर कुणी बोलणार नाही हेही सांगितलं. पहिल्या महिन्यात भरणा वाढला, दुसऱ्यात घसरला, कारण चालक पाहत होते की खरंच कुणी बोलत नाही ना. कुणी बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात भरणा नव्वद टक्क्यांवर गेला आणि पुढं टिकला. हा अभ्यास १९७५ साली छापून आला. आमच्या रस्त्यावरून दर हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, त्या पाहिल्या की मला हा दुसरा महिना आठवतो. आकडा मोठा असावा, नेमका असावा, पण चुकला तर घर जाणार नाही याची खात्री माणसाला आधी मिळायला हवी.

ती खात्री नसली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत कर्मचाऱ्यांवर खाती उघडण्याच्या आकड्यांचा एवढा दाब होता, की त्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावानं लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये हे बाहेर आलं. बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला, पाच हजारांहून जास्त माणसं कामावरून काढली गेली. कापड दुकानात असं खोटं खातं उघडता येत नाही, पण तसलंच काम करता येतं. यंत्रमागावरची सेमी पैठणी खरी पैठणी म्हणून बांधायची. हातमागावरची पैठणी विणायला आठवडे, कधी महिने लागतात आणि तिची किंमत त्या हातांची असते. बस्त्याच्या गडबडीत काठ उलटून पाहायला कुणाला वेळ असतो? आम्ही ठरवलं की बिलावर ‘यंत्रमाग’ हा शब्द लिहायचाच. त्यामुळं दोन-चार विक्र्या गेल्या असतील. पण वसमतसारख्या गावात फसवलेली नवरी पुढची सगळी वर्षं आमच्या दारावरूनच बाजाराला जाणार असते, आणि ती साडी नेसून जाणार असते.

सवलतीचा आणि उधारीचा मोह त्याहून मोठा. आकडा जवळ आला की पोरं म्हणतात, ‘भाऊ, दहा टक्के सोडा, बस्ता बसतोय.’ त्यांना एकदा गणित करून दाखवलं. ऐंशीला घेतलेली वस्तू शंभराला विकली तर वीस सुटतात. दहा टक्के सोडले की दहाच सुटतात. म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट माल विकावा लागतो. देशात याचं मोठं उदाहरण घडून गेलंय. बिग बाजारनं २६ जानेवारी २००६ ला स्वस्ताईचा दिवस जाहीर केला तेव्हा गर्दी आवरेना, काही ठिकाणी दारं लावावी लागली. विक्रीचे आकडे डोळे दिपवणारे होते. पण त्या समूहावर कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आमच्याकडं नियम झाला: हळद विकल्यावर देतो म्हणणाऱ्या ओळखीच्या घराला उधार द्यायचं, पण ती विक्री आकड्यात धरायची ती पैसा गल्ल्यात आल्यावरच. आप्पा यावर फार कडक. ते म्हणतात, वहीतली विक्री आणि गल्ल्यातली विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोरींच्या पायांबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सराईत साड्यांच्या काउंटरवर सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहावं लागतं. घोट्याला सूज येते, पाठ धरते, पाळीच्या दिवसांत तर विचारू नका. केरळमध्ये कोळिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं उभी केलेली ‘पेनकूट्टू’ ही संघटना त्यात पुढं होती. २०१८ मध्ये केरळनं कायदा बदलला आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनंही दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं बंधनकारक केलं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आला तो दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला जवळजवळ सूट देऊन. म्हणजे आमच्यासारख्यांचं सगळं मालकाच्या मनावर. आमच्या भाऊंनी काउंटरमागं उंच स्टुलं आणली, जेवणाची सुटी पाळीनं बांधून दिली आणि सराईतही आठवड्याची सुटी तोडली नाही. गिऱ्हाइकासमोर बसलेली पोरगी उद्धट दिसते असं म्हणणारे दुकानदार आहेत. त्यांना मी सांगते, दिवसाचा शेवटचा बस्ता संध्याकाळी सातला बांधला जातो. तेव्हा पोरीच्या चेहऱ्यावर हसू हवं असेल तर दुपारी तीनला तिला बसू द्या.

आकडा गाठला का? पहिल्या सराईत नाही. २०२४ ला एप्रिलच्या शेवटापासून शुक्राचा अस्त लागला, मे महिन्यात गुरूचाही, आणि मे-जूनचे मुख्य मुहूर्त जवळजवळ गेलेच. विक्री सव्वापटीच्या थोडी पुढं जाऊन थांबली. भाऊ कुणाला काही बोलले नाहीत. बक्षिसाची जेवढी रक्कम झाली होती तेवढी वाटली आणि वही चालू ठेवायला सांगितलं. २०२५ च्या सराईत तिथी भरपूर होत्या, शेरवानीची मापं होती, लुगडी होती, आणि मे महिना संपायच्या आत दीडपट झाली. त्या दिवशी घड्या घालणाऱ्या पोरानं फळ्यावर हळदीच्या भावाखाली तो आकडा स्वतःच्या हातानं लिहिला.

मग सप्टेंबर आला. २०२५ च्या त्या पावसानं मराठवाडा झोडपून काढला. सोयाबीन पाण्यात गेलं, कित्येकांची माती वाहून गेली. दिवाळीसाठी ठरवलेला आकडा भाऊंनी फळ्यावरून पुसला आणि त्या जागी काहीच लिहिलं नाही. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले होते, अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के, त्यावर अठरा, आणि मोठ्या शहरांत त्यावरून जाहिराती चालू होत्या. आमच्याकडं लोक लेकराला एक शर्ट घेऊन जात होते आणि स्वतःसाठी काही घेत नव्हते. त्या दिवाळीत आम्ही जुन्या उधारीसाठी कुणाला फोन केला नाही. विक्री पडली, पगार वेळेवर झाले. सराईतल्या दीडपटीनं जे शिल्लक टाकलं होतं त्यातून झाले. मोठा आकडा कशासाठी धरायचा ते मला त्या दिवाळीला नीट कळलं.

२०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे लग्नं मेच्या मध्यापर्यंत उरकणार आणि मग धोंड्याचं जेवण, जावयांचे कपडे. यंदाचा आकडा आम्ही त्या हिशेबानं बांधलाय, मार्च-एप्रिलवर जड, मेच्या उत्तरार्धात शर्टिंग-सुटिंगवर. काकांनी सफारीची थानं आधीच मागवली आहेत.

तुमच्याकडं लग्न असेल तर बस्ता कुठं बांधायचा हे तुम्हीच ठरवा, नांदेडला जा, आमच्याकडं या. एक मात्र मागणं आहे. तुमच्या गावच्या कुठल्याही लहान दुकानातून न घेता उतरलात, तर काउंटरवरच्या पोरीला का ते खरं सांगून जा. माप नव्हतं, रंग नव्हता, बसायला जागा नव्हती, भाव परवडला नाही, जे असेल ते. तिला वाईट वाटणार नाही. ती ते लिहून घेईल.